सर्कस, पण थिएटरातली

लंडन

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर विषय निघाला की आई रडवेली होते आणि बाबा रिसीव्हर तिच्याकडे देतात, म्हणून लिहिते आहे. थिएटरच्या जाहिरात विभागातली नोकरी मी मार्चअखेर सोडते आहे. त्यानंतर पाच कलाकारांच्या एका सर्कशीची निर्माती म्हणून स्वतंत्र काम करणार. आई, आधी पूर्ण वाच, मग मावशीला फोन लाव.

तंबू नाही, वाघ-सिंह तर नाहीतच. इंग्लंडमध्ये 2020 पासून फिरत्या सर्कशीत रानटी प्राण्यांना कायद्यानंच बंदी आहे. आमचा प्रयोग सव्वा तासाचा, एकच गोष्ट धरून चालणारा. फक्त ती गोष्ट संवादांतून न येता झोक्यावरून, दोरावरून, एकमेकांच्या खांद्यांवरून येते. ही पोरं उनाडही नाहीत. हॉक्स्टनला एका जुन्या वीजघरात सर्कशीचं कॉलेज आहे. एके काळी तिथे शहरातला कचरा जाळून वीज करायचे, आता तिथे सर्कशीची पदवी मिळते. हो आई, पदवी.

बाबा, सांगलीत राहून नाट्यव्यवस्थापकाचं काम काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तारखा मिळवा, गाडी ठरवा, कलाकारांची नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, वेळेवर द्या, बुकिंग थंड असेल तर चार ठिकाणी फोन फिरवा. माझंही काम तेच. फरक एवढाच की आमचं पहिलं भांडण थिएटरच्या छताशी असतं.

रंगमंचावरच्या दांड्या पडदे आणि दिवे टांगायला केलेल्या असतात. पडदा बिचारा उडी मारत नाही. पण साठ किलोची मुलगी कापडाचे वेढे सोडत वरून खाली येते आणि जमिनीच्या हातभर वर झटक्यात थांबते, तेव्हा छताला बसणारी ओढ साठ किलोच्या कितीतरी पट असते. म्हणून माणूस ज्यावर टांगायचा त्या सामानाची ताकद साधारण दहापट धरायची रीत आहे, आणि छताबद्दल इंजिनिअरचं लेखी पत्र लागतं. शंभर वर्षांच्या इमारतींचे कागद कुठे सापडतात? मग आपलाच लोखंडी सांगाडा न्यायचा. तो अर्धा रंगमंच खातो आणि उभा करायला सकाळ जाते. त्यात जुन्या थिएटरांचा रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता. नटाला ते चालतं, पण आमचा एक जण माणसाएवढ्या लोखंडी कड्यात उभा राहून गिरक्या घेतो, त्याचं कडं थेट पहिल्या रांगेच्या दिशेनं निघतं! आणि बाल्कनीखालच्या मागच्या खुर्च्यांवरून झोक्यावरच्या बाईचे फक्त पाय दिसतात. त्या खुर्च्या मी विकायलाच काढत नाही; थिएटरवाल्यांशी माझा वाद होतो तो बहुतेक यावरूनच.

गंमत म्हणजे आम्हाला सोयीच्या जागा मुळात थिएटरं नव्हतीच. हायगेटचं जॅक्सन्स लेन हे पूर्वीचं चर्च, कॅम्डनचं राउंडहाउस ही रेल्वे इंजिनांची शेड. तरी कुणी म्हटलं की सर्कस आता कुठे थिएटरात शिरते आहे, तर मला हसू येतं. फिलिप अ‍ॅस्टलीनं 1768 मध्ये इथेच, थेम्सच्या दक्षिणेला, घोड्यांचे खेळ सुरू केले. पुढे त्याच्या इमारतीत रिंगणाला लागूनच रंगमंचही होता. तंबू नंतरचा, अमेरिकेतला.

आणि आपल्याकडचं तर तुम्हीच मला सांगितलंत. कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये मुंबईत ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दूखाँकडे गाणं शिकलेला हा माणूस. त्यानं हद्दूखाँच्या मुलाला, गवई रहिमतखाँसाहेबांना, सांभाळलं आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. ग्वाल्हेरचा ख्याल आणि घोड्यावरच्या कसरती एकाच ताफ्यात. गाण्यापुढे सर्कस म्हणजे हलकं काम, असं तुम्ही म्हणता तेव्हा मला विष्णुपंत आठवतात. आता यावर तुम्ही काय म्हणाल ते ऐकायचंय.

जाहिरातीचं मात्र अवघड आहे. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत उंचावरून पडणारी मुलगी दाखवली की तिकिटं खपतात, पण मग लोक तासभर तेवढ्याचीच वाट बघत बसतात. मला दाखवायचा आहे खालचा माणूस. त्याच्या डोक्यावर दुसरा एका हातावर उलटा उभा असतो, आणि हा स्थिर दिसतो खरा. पण जवळून बघा, त्याचे घोटे सतत थरथरत असतात, पायाची बोटं जमीन धरून ठेवत असतात. वरच्याचा तोल तो खालून सावरत असतो. तोच व्हिडिओ मी लावणार, चार तिकिटं कमी खपली तरी. शिवाय प्रत्येक गावात दुपारी शाळेच्या मुलांना कोलांट्या आणि चेंडू झेलणं शिकवायचं. संध्याकाळी तीच मुलं आई-बापांना ओढून आणतात. इथल्या मराठी मंडळातल्या काकूंनीही ग्रुप बुकिंगचं विचारलंय, वाघ नाही हे दोनदा खात्री करून.

पैशांचं स्पष्ट सांगते. काही थिएटरं ठरावीक रक्कम देतात, काही गल्ल्यातला वाटा. मागे एकानं बुकिंग थंड बघून ऐन वेळी प्रयोग रद्द केला आणि गाडीभाडं आमच्याच अंगावर पडलं. त्यामुळे आता रद्द झाल्यास भरपाईचं कलम घातल्याशिवाय मी सही करत नाही. सरावाच्या काळासाठी आर्ट्स कौन्सिलचं अनुदान मंजूर झालंय, पण ते कलाकारांचं. मला पहिल्या वर्षी आत्ताच्या पगाराहून कमीच मिळेल. घरभाडं भागेल एवढं मी बाजूला टाकलंय; तुमच्याकडे मागणार नाही आणि तुम्ही पाठवायचंही नाही.

मे महिन्यात येताय तेव्हा लंडनचा प्रयोग आहे. तुमची तिकिटं बाल्कनीच्या पहिल्या रांगेत काढली आहेत, जिना कमी आणि लिफ्टही आहे. बाबा, आवडला नाही तर तोंडावर सांगा. आई, गुडघ्याच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेव, आणि मेतकूट जास्त आण. पाच जणांना त्याची चटक मी लावून ठेवली आहे.

तुमची
लेक