हेडफोन पाठवतेय, उलटा घालून बघ

चिंचवड, मंगळवार रात्री

चि. सुमित,
अनेक आशीर्वाद.

हेडफोन झाला. उद्या संध्याकाळच्या म्हापशाच्या ट्रॅव्हल्सने पाठवतेय, ड्रायव्हरचा नंबर ताई तुला टाकेल. शनिवारच्या तुझ्या डीजेच्या कार्यक्रमाआधी हातात पडेल, काळजी करू नकोस. फोनवरच सांगितलं असतं, पण परवा तू अर्ध्यातच फोन ठेवलास आणि आता परत केला तर माझंही तोंड सुटेल. म्हणून लिहितेय. लिहिताना निदान मधेच कोणी "कळलं गं आई" म्हणत नाही.

आधी कामाचं बोलते, बाकीचं नंतर. किंवा नाहीच.

पिनपाशी केबल वाकवली की उजवी बाजू जायची-यायची, हे तूच ओळखलं होतंस. मग त्यावर काळी चिकटपट्टी का गुंडाळलीस? पट्टीने तार जुळत नाही रे, तुटलेली जागा फक्त झाकली जाते. वर तिकडच्या उकाड्यात तिचा डिंक पाझरून हातभर केबल चिकट झालेली. खोबरेल लावून लावून पुसली. थिनर लावला असता तर रबर गेलं असतं.

मीटर लावून बघितलं. पिनेचं टोक डाव्या कानाचं, मधली रिंग उजव्याची आणि मागचा भाग दोघांचा कॉमन. टोक ते कॉमन, काटा एकदम स्थिर. रिंग ते कॉमन, केबल हलवली की काटा उड्या मारायचा. कंपनीची पिन ओतीव असते, उघडता येत नाही, म्हणून दोन बोटं केबलसकट कापूनच टाकली आणि स्प्रिंगवाली धातूची पिन बसवली. आत लाल, हिरवी आणि तांब्याच्या रंगाची अशा तीन तारा निघाल्या, केसासारख्या बारीक, मधे दोरा. या तारांवर लाखेचा थर असतो. नवखा माणूस सरळ सोल्डर मारतो, वरून चकचकीत गोळी बसते आणि आत काहीच जोडलेलं नसतं. गनच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचा, तारेचं टोक पेस्टमध्ये बुडवून त्या थेंबात धरायचं, लाख जळून धूर निघाला आणि तार चांदीसारखी दिसायला लागली की मगच पिनेला लावायची. दोरा आधी कापून टाकायचा, नाहीतर तो जळून काळा कचरा होतो. आणि स्लीव्ह व पिनेची टोपी सोल्डर मारायच्या आधी केबलमध्ये ओवायची. आमच्या कंपनीत लाइनवर नवीन आलेल्या पोरी हमखास विसरायच्या, सगळं झाल्यावर टोपी टेबलावर राहिलेली दिसायची आणि परत पहिल्यापासून.

तर पिन झाली, वाजवून बघितला, दोन्ही बाजू मस्त. आणि कानावरची वाटी फिरवली तर उजवी परत गेली! म्हणजे दुखणं दोन जागी होतं. केबल तुझी डाव्या वाटीत शिरते, उजव्या कानाची तार डोक्यावरच्या पट्टीतून पलीकडे जाते. तू एक वाटी फिरवून मागे सारतोस, मान वाकडी करून खांद्यात दाबतोस. दर वेळी ती तार बिजागरीत पिळली जाते. उघडलं तर आतून तुटलेली, नुसती कव्हरवर लोंबत होती. तिथे मऊ तार टाकलीय आणि थोडा सैल वेढा ठेवलाय. वाटीतल्या ड्रायव्हरला, म्हणजे आवाज काढणाऱ्या चकतीला, सोल्डर मारताना श्वास रोखून धरला होता. दोन सेकंदांच्या वर गन टेकली की प्लास्टिक वितळतं आणि पडदा वाकडा होतो. या वयात हात थरथरतो का बघत होते. नाही थरथरला.

आता वापरायची रीत. केबल हाताला गच्च गुंडाळून ठेवू नकोस, सैल वेटोळं कर. साउंडच्या मिक्सरमधून काढताना पिन धरून ओढ, केबल धरून नाही. पुढचा घेशील तो दोन्ही कानांना सुटी केबल असलेला घे. झेनहायझरचा तो एचडी २५ म्हणत होतास ना, १९८८ पासून तेच मॉडेल चाललंय, कारण केबल गेली तर केबलच बदलता येते. पैसे मी घालीन थोडे. तुझ्या बाबांना सांगू नकोस.

तर मुद्दा असा की तुटली होती ती उजवी बाजू.

तू फोनवर काय म्हणालास आठव. "उजवी मधेमधे जाते, आणि डावी तर हल्ली बारीकच वाजते." मी तेव्हाच विचारलं, डावी कधीपासून, तर तू चिडलास. सुमित, डाव्या बाजूला काहीही झालेलं नाही. मीटरवर दोन्ही बाजू आता सारख्या आहेत. नुसत्या मीटरवर माझा भरवसा नाही, म्हणून मी कानाला लावून ऐकलं, मग उलटा घालून ऐकलं. ताईनेही ऐकलं. आम्हा दोघींना कुठे फरक लागला नाही.

तेव्हा पार्सल उघडलंस की एक कर. शांत खोलीत नेहमीचं एक गाणं लाव, आवाज बेताचा ठेव. आधी सरळ घाल, मग उलटा. बारीकपणा उजव्या कानाकडे गेला तर हेडफोनचा दोष, मला परत पाठव, मी हरले. डाव्यातच राहिला तर

मळही असू शकतो. लहानपणी तुला व्हायचाच. समुद्रात पोहतोस, पाणी जाऊन मळ फुगतो, डॉक्टर पाच मिनिटांत काढतात. मी काही लगेच वाईटाकडे जात नाहीये.

पण तू हल्ली फोन उजव्या कानाला धरतोस. दिवाळीत आला होतास तेव्हा बघितलं. आधी डाव्याला धरायचास. ताई म्हणते तुला भलतंसलतं दिसतं. दिसत असेल.

तुम्ही डीजे लोक पुढचं गाणं एका कानाने ऐकून ठेवता, दुसरा कान बाहेर. बाहेर एवढं वाजत असतं की कानातलं त्याच्या वर न्यावंच लागतं, एवढं मला कळतं. बाबांच्या कानाच्या तपासणीच्या वेळी तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करत जायचा. म्हणजे १०० ला पाव तास. तू किती तास वाजवतोस? आणि ही लूज केबल त्यात आणखी वाईट. आवाज गेला की तू नॉब वाढवणार, आणि वाढवलेला असताना तार अचानक जुळली की फाडकन कानात. असं झालंय ना? मला सांगू नकोस, पण झालंय. कानाच्या आतल्या त्या बारीक पेशी माणसात एकदा मेल्या की परत येत नाहीत. तिथे नवी पिन बसवता येत नाही.

हे बघ, झालंच सुरू. लेक्चर नव्हतं द्यायचं. तुझा धंदा तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो, माफ कर.

ताईने तुझा तो संध्याकाळचा व्हिडिओ दाखवला. मी तीनदा बघितला. एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं कळलंच नाही, पाय आपोआप हलले माझे. खालच्या काकूंना दाखवला तर म्हणाल्या, "हा आपला सुमित? वर्गणीच्या पावत्या फाडायचा तो?" बाबाही बघत होते. कानाचं मशीन काढून ठेवलेलं, त्यामुळे ऐकलं काहीच नाही, पण तुझे हात बघत होते. म्हणाले, "नॉब हळू फिरवतो, घाई नाही करत." तुला ठाऊक आहे त्यांच्याकडून हे म्हणजे काय.

गणपतीत बाबा रिक्षावर कर्णे बांधून निघायचे तेव्हा तू त्या आहुजाच्या अॅम्प्लिफायरपाशी बसायला हट्ट करायचास. मी कानात कापूस घालून पाठवायचे, परत यायचास तेव्हा तो खिशात. कापसाने तसंही फारसं अडत नाही म्हणे. बाबांचं तर तेव्हा ठरलेलंच, "आवाजाला घाबरला तो साउंडवाला कसला." त्यांच्या कानाचा पहिला रिपोर्ट आठवतो मला, ४००० हर्ट्झच्या आकड्याजवळ रेघ खाली गेलेली, बाकी सगळं नीट. डॉक्टर म्हणाले, आता जपा. ह्यांनी त्या वर्षी दोन मंडळं जास्त घेतली. आता साखर मागितली तर भाकर ऐकतात आणि आपण हसतो. मी हसते खरी.

तुला आठवतं, कॉलेजात असताना रात्री फोन केला होतास, "आई, गाण्यात म्युझिक येतंय पण गायकच गायब आहे"? मी इथून सांगितलं, कॉमन तुटलीय, दोन्ही स्पीकर एकमेकांत वाजतायत, म्हणून दोन्हीकडे सारखं असलेलं मधलं सगळं कटतंय. तुझ्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या होत्या फोनवर. कंपनीत एवढी वर्षं भिंगाच्या दिव्याखाली डोळे घातले, कोणी टाळी नाही वाजवली. सांगायचं हे की फोनवरून दोष ओळखायची मला सवय आहे. परवा तू "काय? काय?" चार वेळा केलंस तेव्हा रेंज चांगली होती.

धंदा सोड असं मी म्हणत नाहीये. बाबा म्हणाले तसं म्हण, पण मी नाही म्हणाले, कधीच नाही. तिकडे दहानंतर उघड्यावर वाजवायला बंदी आहे तेवढाच मला आधार. पाळोळ्याला तर म्हणे सगळे हेडफोन लावून नाचतात. मग तिथेही कानच.

पार्सलमध्ये छोट्या डबीत इअरप्लग आहेत, गाणारे-वाजवणारे वापरतात ते. फोमचे नाहीत, त्यात सगळं बोदलं ऐकू येतं म्हणून तू फेकले असतेस. हे सगळे आवाज सारखेच खाली आणतात. दुसरा कान मोकळा असतो ना, त्यात घाल, म्हणजे हेडफोन एवढा वाढवावा लागणार नाही. जास्तीची पिनही ठेवलीय. शनिवारी लागलीच तर तिकडच्या कोणाकडूनही सोल्डर करून घे, फक्त लाख जाळायला सांग.

आणि बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात कानाचा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. मी येऊ का? ताईच्या परीक्षा संपल्यात, बाबांचं ती बघेल. नको असेल तर नको म्हण, मी रागावणार नाही. रागावले तरी सांगणार नाही.

जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी
आई

ता. क. शनिवारी वाजवलंस की रविवार पूर्ण शांत ठेव आणि तपासणीला सोमवारी जा. आदल्या रात्री दणदणाट झाला असेल तर थकलेल्या कानाचा रिपोर्ट येतो, खरा येत नाही. रिपोर्टचा फोटो मला पाठव. ताईला पाठवू नकोस, ती मला वाचून दाखवताना वाईट आकडे गाळते.