पॅटी कशाची होती, ते लेखी सांगा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
प्रत : संस्थापक आणि संचालक मंडळ

विषय : शनिवारी रात्री आलेले दोन बिनखुणेचे बर्गर आणि त्यानंतर तुमच्या हेल्पलाइनने दिलेली उत्तरं

तुमच्या हेल्पलाइनवरचा शेवटचा फोन आत्ताच ठेवला. ‘तुमचं तिकीट क्लोज झालं आहे’ एवढंच कळलं. कोणी बंद केलं आणि माझ्या प्रश्नाचं कोणतं उत्तर मिळालं म्हणून बंद केलं, हे सांगायला तिकडे कोणी तयार नाही. म्हणून आता लेखी.

ऑर्डर तुमच्या सिस्टिममध्ये आहेच. एक सिग्नेचर डबल, म्हणजे म्हशीच्या मांसाचा. एक लॅम्ब डबल, म्हणजे मटणाचा. दोन्ही तुमच्या अंधेरीच्या किचनमधून विलेपार्ल्याला आले. सिग्नेचर माझ्यासाठी होता, लॅम्ब माझ्या नणंदेसाठी. त्या कोल्हापूरच्या. तांबडा-पांढरा त्यांच्या हातचा खावा, मटण कुठल्या भागाचं आहे ते त्या बोटांनी चाचपून सांगतात. पण म्हशीचं मांस त्या खात नाहीत. मी खाते याला त्यांची कधीच हरकत नव्हती, फक्त त्यांच्या ताटात ते येऊ नये एवढंच. मीच त्यांना म्हटलं होतं, ‘वन्सं, या दुकानाचं मटणाचं वेगळं असतं, तुम्ही निर्धास्त खा.’ तुमच्या भरवशावर मी हा शब्द दिला होता.

दोन डबे आले, दोन्ही अगदी सारखे. वर स्टिकर नाही, पेनाने केलेली खूण नाही, बनमध्ये पूर्वी काडीला कागदी झेंडा असायचा तोही नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘मुंबईचा सर्वोत्तम बर्गर’ आणि कोपऱ्यात मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण. आत तोच बन, तेच चीझ, तोच धुरकट सॉस, त्याच करड्या रंगाची पॅटी. आम्ही वास घेतला, तुकडा मोडून उजेडात धरला. कळेना. नणंदबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि स्वतःसाठी दहीभात कालवला. मीही खाऊ शकले नाही. दोन्ही बर्गर टाकून दिले.

टाकून देण्याआधी मी फोन केला होता. हे संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड असणार, कारण फोन लागताच ‘गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाईल’ असं तुम्हीच ऐकवता. ते काढून ऐका. तरीही इथे लिहिते, कारण रेकॉर्ड कोणी ऐकेल असा विश्वास आता मला उरलेला नाही.

मी विचारलं, ‘दोन बर्गर आलेत, यातला मटणाचा कोणता?’
तिकडून आधी दिलगिरी, मग ऑर्डर नंबर, मग होल्ड, होल्डवर तुमची जाहिरात. परत आल्यावर, ‘मॅडम, एक सिग्नेचर है, एक लॅम्ब है.’
मी म्हटलं, ते मला माहीत आहे, मीच मागवलेत. कोणत्या डब्यात काय आहे ते सांगा.
‘मॅडम, बॉक्स तो सेम ही आता है.’
मग आम्ही ओळखायचं कसं?
‘टेस्ट से पता चल जाएगा, मॅडम.’

मी शांतपणे समजावलं की घरात एक व्यक्ती म्हशीचं मांस खात नाही, चव घेऊन बघणं त्यांना शक्यच नाही, म्हणूनच फोन केला आहे. दोन क्षण शांतता. आणि मग ते वाक्य आलं, ‘मॅडम, दोनों नॉनव्हेज ही है ना? तो प्रॉब्लेम क्या है?’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं, आवाज थोडा चढवून, एखाद्या हट्टी मुलाला समजवावं तसं. मी सुपरवायझर मागितले. सुपरवायझर आले आणि म्हणाले, ‘आमच्या दोन्ही पॅटी प्रीमियम रेड मीटच्या आहेत.’ कोणत्या जनावराच्या? ‘प्रीमियम रेड मीट, मॅडम.’ मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की रेसिपी ही कंपनीची गोपनीय बाब आहे, आणि सद्भावना म्हणून पुढच्या ऑर्डरवर शंभर रुपयांचं कूपन खात्यात टाकलं आहे.

मी सॉसची रेसिपी मागितली नव्हती. माझ्या पुढ्यात बकरा आहे की म्हैस, एवढंच विचारलं होतं. हे ज्याला गुपित वाटतं त्याने मांस विकू नये.

‘दोन्ही नॉनव्हेजच आहेत’ हे वाक्य मुंबईत धंदा करणाऱ्या कंपनीच्या तोंडी येतं, हेच मला अजून पटत नाही. या शहरात मासे खाणारे पण मटण न खाणारे लोक आहेत. कोंबडी चालते पण घरात शिजवायची नाही अशी घरं आहेत. हलाल बघून घेणारे आहेत, डुक्कर न खाणारे आहेत, सोमवारी आणि श्रावणात काहीच न खाणारे आहेत. ज्याने इथे गाडी लावून भुर्जी विकली त्यालाही हे कळतं. १९९६ मध्ये मॅकडोनल्ड्स भारतात आलं तेव्हा जगभर जे विकत होते ते बीफ बाजूला ठेवून आले, आणि शाकाहारी-मांसाहारी स्वयंपाकाची जागा, भांडी, माणसं वेगळी केली. परदेशातून आलेल्यांना जे पहिल्या दिवशी उमगलं ते वांद्र्यात वाढलेल्या तुम्हाला सांगावं लागतं.

आणि लाल मांसाच्या बर्गरचा तर हा मूळ प्रश्न आहे. २०१५ मध्ये राज्यातला गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला, गाईंबरोबर बैल आणि वळूही त्यात आले. म्हशी-रेडे त्यात नाहीत. तेव्हापासून मुंबईत ज्याला लोक बीफ बर्गर म्हणतात तो म्हशीच्या मांसाचा, आणि नीट दुकानं मेन्यूवर ‘बफ’ असं स्पष्ट लिहितात. गिऱ्हाईक त्या एका शब्दावर विसंबून खातं. तुम्हीही लिहीत होता. आता तुमच्या अ‍ॅपवर ‘सिग्नेचर रेड मीट’ आहे. तो शब्द का काढला? कॅलरी लिहिता, कारण मोठ्या साखळ्यांना त्या दाखवण्याची सक्ती आहे. ग्लुटेन आणि दूध असल्याचंही लिहिता. मांस कोणाचं, तेवढं मात्र लिहीत नाही.

मी हे कोणी त्रयस्थ म्हणून लिहीत नाही. चांगला बर्गर शोधण्यात मी बरीच वर्षं घालवली आहेत. कुलाबा, फोर्ट, वांद्रे, पवई, ठाणे, जिथे कोणी नाव काढलं तिथे मी गेले. बहुतेक ठिकाणी निराशा झाली, आणि ती एकाच प्रकारची : बनमध्ये घातलेला कबाब. खिमा, कांदा, आलं-लसूण, अंडं, ब्रेडचा चुरा, सगळं मळून गोळा केलेला. कबाब म्हणून तो उत्तम असेल. पण खिमाच खायचा असेल तर मी धोबीतलावला कयानीत जाईन, ते १९०४ पासून हे काम करतायत आणि त्याला बर्गर म्हणत नाहीत.

तुमच्या वांद्र्याच्या पहिल्या दुकानात मला पहिल्यांदा खरा बर्गर मिळाला. काउंटरमागे तवा दिसायचा. म्हशीचं मांस मुळात कमी चरबीचं, म्हणून तुम्ही वरून चरबी घालून ते रोज दळत होता. मिठाचा कण आत नाही, कारण मीठ घालून मळलं की मांस चिवट होऊन सॉसेजसारखं बनतं. तव्यावर पडल्यावर वरून मीठ. गोळा कडक तापलेल्या तव्यावर टाकून लगेच दाबायचा आणि मग हात लावायचा नाही, म्हणजे खाली तपकिरी, कुरकुरीत खरपूस थर धरतो आणि कडा जाळीदार होतात. उलटल्याबरोबर चीझ. बन लोण्यावर आतून भाजलेला, म्हणजे रस झिरपत नाही. हे सगळं तुमच्याच माणसाने मला तव्याशी उभं राहून समजावलं होतं, गर्दीच्या वेळी, काम न थांबवता. त्या दिवशी मी लोकांना सांगायला सुरुवात केली की मुंबईतला सर्वांत चांगला बर्गर इथे मिळतो. ऑफिसात सांगितलं, सोसायटीत सांगितलं, पुण्याच्या भाच्याला सांगितलं. तुमच्या डब्यावरचं वाक्य छापून यायच्या आधी मी ते फुकट म्हणत होते.

शनिवारी जे आलं ते काय होतं? पॅटीची कड साच्यातून काढल्यासारखी गोल आणि गुळगुळीत. खरपूस थर नाही. मोडताना तुटली नाही, ताणली गेली, म्हणजे मीठ घालून मळलेली. चीझचा चौकोन वितळलेला नाही, नुसता घामेजलेला. बन खालून ओला, कारण भाजलेलाच नव्हता. ही कुठेतरी एका जागी बनवून गोठवलेली आणि किचनोकिचनी पोचवलेली पॅटी आहे, हे सांगायला मला प्रयोगशाळा लागत नाही. तुम्ही वाढलात, ठिकठिकाणी किचन उघडलीत, गोठवल्याशिवाय भागत नसेल, तर तसं लिहा आणि दर त्याप्रमाणे ठेवा. वांद्र्याच्या तव्याचा फोटो अ‍ॅपवर लावून अंधेरीच्या फ्रीझरमधला माल पाठवू नका.

पण चव बिघडली म्हणून मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. चवीला वाईट बर्गर मी पुष्कळ खाल्ले आहेत, पैसे देऊन गप्प घरी आले आहे. इथे मी एका माणसाला शब्द दिला होता की तुमच्या ताटात नको ते येणार नाही, आणि ते आलं की नाही हे मला आजही माहीत नाही. डब्यावर खूण नव्हती. फोनवर उत्तर नव्हतं. आणि ज्याला उत्तर देता येत नव्हतं त्याने मलाच विचारलं की प्रॉब्लेम काय आहे.

आता कायद्याचं, कारण विनंतीने काम झालेलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी विकत घेतलेल्या वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता याची माहिती मिळणं हा माझा हक्क आहे. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं आहे. ‘तिकीट क्लोज’ म्हणजे निवारण नव्हे. तुमच्या बिलावर चौदा आकडी परवाना क्रमांक आहे. तो घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाकडे जाऊ शकते, आणि १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करू शकते. जिल्हा ग्राहक आयोगात मी जिथे राहते तिथेच दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. मी मुंबई ग्राहक पंचायतीची जुनी सभासद आहे, कागद कसे लावायचे ते मला शिकवावं लागणार नाही. पैशांसाठी नाही, पण वेळ पडली तर मी हे सगळं करेन.

माझ्या मागण्या. शनिवारच्या दोन्ही पॅटींत कोणत्या जनावराचं मांस होतं, ते त्या दिवशीच्या किचनच्या नोंदी बघून लेखी कळवा. ‘रेड मीट’ हे उत्तर मी स्वीकारणार नाही. दोन्ही पॅटी एकाच तव्यावर, एकाच उलथन्याने होतात का, तेही सांगा, कारण तसं असेल तर लॅम्ब म्हणून विकलेला आजवरचा प्रत्येक बर्गर याच प्रश्नाखाली येतो. मेन्यूवर ‘बफ’ आणि ‘मटण’ हे शब्द परत आणा आणि प्रत्येक डब्यावर ते ठळक चिकटवा, एका स्टिकरचं काम आहे. पूर्ण पैसे परत करा, कूपन काढून घ्या. त्या सुपरवायझरला नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाही. त्यांना जे पढवलं ते त्यांनी म्हटलं. ज्याने पढवलं त्याने उत्तर द्यावं.

नणंदबाईंची माफी मी माझ्यापरीने मागितली आहे. तुमच्याकडून त्यांना वेगळं पत्र जावं, मराठीत, आणि त्यात ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ हे शब्द नसावेत. त्यांची गैरसोय झाली नाही, त्यांचा विश्वास मोडला.

पंधरा दिवस थांबते. मला फोन करू नका, उत्तर लेखी पाठवा.

एक ग्राहक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही डब्यांचे आणि पॅटींचे फोटो, हेल्पलाइनवरच्या फोनच्या वेळा