नोकरीच्या कागदांकडे दुर्लक्ष नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांना बायोडाटा कसा लिहावा, मुलाखतीत काय बोलावे आणि इंग्रजी कसे सुधारावे याविषयी भरपूर मार्गदर्शन मिळते. नोकरी लागल्यानंतर कोणते कागद मागून घ्यावेत आणि ते कसे तपासावेत, हे मात्र त्यांना फारसे कोणी सांगत नाही आणि त्याचा फटका अनेक वर्षांनी, नेमका अडचणीच्या वेळी बसतो. नाशिकमधील सातपूरच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून (कामगारांची हजेरी व पगाराच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागातून) निवृत्त झालेला कर्मचारी या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे.

सातपूर, अंबड, सिन्नर किंवा गोंदे येथील कारखान्यांत आयटीआय अथवा डिप्लोमा करून येणारा मुलगा बहुधा थेट कंपनीच्या पटावर लागत नाही. तो आधी ॲप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) असतो आणि मग ठेकेदाराकडे लागतो. पुढे ठेकेदार बदलला की मशीन तेच, सुपरवायझर तोच आणि पाळीही तीच राहते, पण कागदोपत्री तो नव्याने रुजू झालेला असतो. पाच-सहा वर्षे एकाच शेडमध्ये काम केलेल्या मुलाला दुसरीकडे मुलाखतीत अनुभवाचा पुरावा विचारला जातो, तेव्हा त्याच्याकडे जुन्या गेटपासखेरीज काही नसते. म्हणून रुजू होतानाच नेमणूकपत्र मागावे आणि त्यावर पद, रुजू होण्याची तारीख, पगाराची फोड व नेमणूक कोण करीत आहे, कंपनी की ठेकेदार, हे स्पष्ट लिहिले आहे का ते पाहावे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. त्यामुळे ते मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

ॲप्रेंटिसशिपबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील मुलांना विद्यावेतन मिळते, पण त्यांचा भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) कापला जात नाही, त्यामुळे त्या काळाची नोंद पीएफच्या पासबुकात कोठेही सापडत नाही. नोंदणीकृत करार आणि शेवटच्या परीक्षेनंतर मिळणारे प्रमाणपत्र हाच त्या काळाचा भक्कम पुरावा असतो. मधेच थोड्या जास्त पगाराची नोकरी मिळाली म्हणून परीक्षा न देता निघून जाणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांनी थोडे थांबावे, असे मला कळकळीने वाटते.

पगारपत्रक दरमहा मिळवावे आणि पीएफच्या पासबुकाशी ताडून पाहावे. हे काम पाच मिनिटांचे आहे. समजा मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 12,000 रुपये आहेत. तर कामगाराचे 12 टक्के म्हणजे 1,440 रुपये कापले गेलेले दिसले पाहिजेत आणि मालकाचे तेवढेच 1,440 रुपये विभागून, म्हणजे 440 रुपये निधीत व 1,000 रुपये पेन्शन योजनेत, जमा झालेले दिसले पाहिजेत. पगारातून कपात दिसते आणि पासबुकात ती रक्कम नाही, असे लागोपाठ दोन-तीन महिने आढळले तर लेखी विचारणा करावी. वर्ष उलटल्यावर, ठेकेदार निघून गेल्यावर दाद मागणे फार अवघड होते. एकूण वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल आणि त्यापोटी 0.75 टक्के कापले जात असतील, तर आपले व कुटुंबाचे नाव तेथे नोंदले गेले आहे याचीही खात्री करावी. आजारपण सांगून येत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ मी नावाचा पाहिला आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी, बँकेत वडिलांचे नाव गाळलेले आणि पीएफच्या नोंदीत ठेकेदाराच्या कारकुनाने ऐकून लिहिलेले स्पेलिंग, अशी एकाच माणसाची चार नावे तयार होतात. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर मधले नाव व आडनाव दोन्ही बदलते आणि जुन्या नोकरीची वर्षे नव्या नावाशी जुळेनाशी होतात. नाव बदलायचे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला व राजपत्रातील नोंद जपून ठेवावी आणि सर्व ठिकाणी एकाच वेळी बदल करावा. नोकरी करीत असतानाच या दुरुस्त्या सोप्या असतात. नव्या ठेकेदाराने नवा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) काढू नये म्हणून जुना 12 अंकी क्रमांक पहिल्याच दिवशी लेखी द्यावा.

नोकरी बदलताना पीएफ काढून घेण्याची सवय मला विशेष चिंतेची वाटते. मोटारसायकल घ्यायची असते, घरी कार्य असते, गरज खरीच असते. परंतु निधीबरोबर पेन्शनची रक्कमही काढून घेतली की पेन्शनसाठी धरली जाणारी तेवढी सेवा संपते, आणि मासिक पेन्शनसाठी तर किमान 10 वर्षांची सेवा लागते. दोन ठिकाणी चार-चार वर्षे काम करून दोन्ही वेळा पैसे उचललेला कामगार तिसऱ्या ठिकाणी शून्यापासून सुरुवात करतो. खाते नव्या नोकरीत वर्ग केले, तर ती आठ वर्षे त्याचीच राहतात.

राजीनामा लेखीच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. भांडण झाले म्हणून दुसऱ्या दिवसापासून न जाणे, हा सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे. नव्या वेतन संहितेनुसार नोकरी सोडल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे असते. त्याबरोबरच अनुभवपत्र मागावे. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने पीएफच्या पोर्टलवर भरली नाही, तर दोन महिन्यांनी ती कामगाराला स्वतः भरता येते. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाकडेही ठेवू नयेत, आणि नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याच्या दारात उभे राहू नये.

भविष्यनिर्वाह निधी संघटना दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिर घेते. त्याच धर्तीवर शहरातील व तालुक्यांतील आयटीआयमध्ये, अंतिम वर्षाच्या मुलांसाठी, कॅम्पस मुलाखतींपूर्वी एक दिवस ठेवावा आणि त्यात पगारपत्रक व पासबुक प्रत्यक्ष समोर ठेवून वाचायला शिकवावे, अशी माझी विनंती आहे. निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या ज्या मुलांच्या घरात याआधी कोणी कंपनीत नोकरी केलेली नाही, त्यांना याची सर्वाधिक गरज आहे. माझ्यासारख्या निवृत्त कर्मचाऱ्यांना बोलावल्यास आम्ही विनामूल्य येऊ.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टाइम ऑफिस कर्मचारी,
सिडको, नाशिक