जेसीबी काढून देणाऱ्या ताईंना

ताई,

तुमच्यासमोर बोलायला गेले की माझाच गळा दाटून येतो, म्हणून लिहितेय.

लेकाच्या बोलण्यातल्या अडचणीसाठी तुमच्याकडे येण्याआधी आम्हाला सल्ले देणाऱ्यांची काही कमी नव्हती. "मुलगे उशिराच बोलतात." "घरात लाड फार होत असतील." एका ठिकाणी तर लेकाला टेबलाशी बसवून चित्रांची कार्डं दाखवत राहायचे. हे काय? घड्याळ. हे काय? पंखा. अहो, नावं त्याला सगळी येत होती, गाडी अडायची ती वाक्यात! शेवटी तिथल्या बाईंनी फाइलमध्ये शेरा मारला, 'सहकार्य करत नाही'. पाच वर्षांच्या पोराबद्दल! तो शेरा मला अजून टोचतो.

पहिल्या दिवशी तुम्हीही प्राण्यांची कार्डं काढली होतीत. हा पठ्ठ्या खिडकीला नाक लावून बाहेरचं खोदकाम बघत उभा. मी ओशाळून त्याला हाक मारणार, तर तुम्ही हातानेच मला थांबवलंत. कार्डं ड्रॉवरमध्ये टाकलीत, त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "बापरे, केवढा खड्डा!" मग एका पाठकोऱ्या कागदावर स्केचपेनने जेसीबी काढलात. खरं सांगू? चित्र काही धड नव्हतं, पुढचं फावडं उलटंच लागलं होतं. त्याने बोट ठेवून ते तुमच्याकडून दुरुस्त करून घेतलं. त्याच्याकडून कुणीतरी काही शिकून घेतंय, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे कितीतरी दिवस तुमच्या खोलीत बांधकामच चाललं होतं. दगड पडला, वीट पडली, लाकूड पडलं. माती खड्ड्यात, डंपर खड्ड्याजवळ. जेसीबीने दगड उचलला, जेसीबीने माती उचलली. मला आधी तो नुसता खेळ वाटायचा. मग लक्षात आलं, की तिन्ही लिंगं, 'खड्डा'चं 'खड्ड्यात' होणं, उचलणारा तोच असूनही क्रियापदाने मातीच्या मागे जाणं, सगळं व्याकरण तुम्ही त्या धुळीत पेरत होतात. शब्द तेच ते असल्यामुळे नवं नाव आठवण्यात त्याचा दम जात नव्हता, सगळं लक्ष वाक्य जुळवण्याकडे राहायचं.

आणि तो "वीट पडला" म्हणाला, तरी 'चूक' हा शब्द तुमच्या तोंडून कधी आला नाही. "हो रे, वीट पडली! धपकन पडली!" एवढं म्हणून तुम्ही पुढची वीट हातात घ्यायचात. आमचे पाहुणे मात्र अजून "नीट म्हण बघू" असं फर्मान सोडतात आणि तो गप्प झाला की आमच्याकडेच बघतात. शिकलेली माणसं पुष्कळ भेटली, ताई. मूल बघतंय तिकडे आधी आपणही बघावं, एवढं साधं माणूसपण असलेली फार थोडी.

परवा त्याने बहिणीची तक्रार केली, "दीदीने माझी गाडी घेतली आणि खड्ड्यात टाकली." घेतली, टाकली, खड्ड्यात, सगळं बरोबर! दीदी "खोटं आहे, खोटं आहे" म्हणून ओरडत होती. तिला न्याय मिळायला त्या दिवशी जरा उशीरच झाला, कारण मी ती तक्रार त्याच्या बाबांनाही ऐकवायला लावली.

पुढच्या वेळी त्याला रोड रोलर हवाय म्हणे. कागद मोठा घ्या, आणि चाकं त्यालाच काढू द्या. तुमच्या हातावर त्याचा अजून भरवसा नाही.

तुमची ऋणी,
त्याची आई