मॉरिशसच्या पावसात भेटलेल्या माणसांचे मनापासून आभार

क्रूझवरून मॉरिशसला उतरलो, तो एकच दिवस हाताशी होता आणि सकाळपासून धो धो पाऊस. गंगा तलाव या तिथल्या पवित्र तळ्याशी धुकं इतकं दाट, की 33 मीटर उंचीच्या मंगल महादेवाच्या मूर्तीचे फक्त पाय दिसत होते. तिथेच ओल्या पायरीवरून माझी 74 वर्षांची आई घसरली.

पूजेला आलेल्या एका आजींनी तिला हात धरून शेडखाली नेलं. स्वतःच्या पिशवीतली कोरडी साडी तिच्या अंगावर घातली, गुडघा चोळून दिला. आमचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "आम्ही पण मराठी." पुढचं सगळं क्रेओल या तिथल्या बोलीभाषेत बोलल्या, तरी आईला ते कळत होतं. दोघी कितीतरी वेळ हातात हात घेऊन बसल्या होत्या.

टॅक्सीवाल्या दादांनी पाणी साचलेले रस्ते टाळून आम्हाला पोर्ट लुई या बंदराच्या शहरात वेळेत पोहोचवलं. थांबल्याचे पैसे घेतले नाहीत. आईला आप्रवासी घाट बघायचाच होता. 1849 पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर तिथे उतरत, त्यांत आपल्या कोकणातलेही होते. त्या 16 दगडी पायऱ्यांपाशी एका अनोळखी तरुणाने आईवर छत्री धरली, स्वतः मात्र चिंब भिजला. जहाज सुटायच्या घाईत त्याला नीट धन्यवादही म्हणता आलं नाही. ते आज म्हणते.

आणि आजी, तुमची साडी आमच्याकडेच राहिली. आईने ती धुऊन, घडी घालून आपल्या साड्यांत ठेवली आहे.