औषधांच्या यादीखाली गाण्यांचीही यादी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या सुमारास आजाराची लक्षणं बरीच छापून येतात. सांभाळणाऱ्यांच्या उपयोगाचं कमी येतं, म्हणून हे पत्र.

माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) आहे. त्या मला ओळखत नाहीत. आंघोळ म्हणजे रोजची झटापट असायची. अंगावर पाणी पडलं की ओरडायच्या, आमचे हात पिरगाळायच्या. आता मी किंवा त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी जात्यावरच्या ओव्या म्हणत अंगावर तांब्या ओततो. पहिली ओळ आमची, दुसरी त्या लावतात. एरवी एक धड वाक्य जुळत नाही, पण ओवीतला शब्द चुकला की आम्हाला थांबवून नीट म्हणायला लावतात! मावशी जतकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. त्यांनी या ओव्या सासूबाईंकडूनच उचलल्या.

स्वीडनमधल्या संशोधक एवा गोटेल यांनी नेमका हाच अभ्यास केला आहे. सांभाळणारी व्यक्ती गात गात आवरायला लागली की सूचना कमी द्याव्या लागतात, रुग्ण साथ देतात. जुनी गाणी मेंदूच्या ज्या भागांत साठलेली असतात, ते अल्झायमरमध्ये तुलनेने कमी झिजतात, असं जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलं.

याने आजार हटत नाही. आणि मोठ्या आवाजात दिवसभर भजनं लावून ठेवणं तर त्रासाचंच. एका केंद्रात ते चालायचं, सासूबाई कानांवर हात ठेवून बसायच्या. माहेरची एक ओवी आम्ही सोडूनच दिली. ती म्हटली की संध्याकाळभर 'मला घरी न्या' सुरू होतं.

कुठली ओवी चालेल, हे त्यांच्या धाकट्या बहिणीने फोनवर सांगितलं. असं सांगणारं माणूस सगळ्यांच्याच घरात उरलेलं नसतं. म्हणून निदान झाल्याबरोबर आई-वडिलांनाच विचारून त्यांच्या तरुणपणची गाणी वहीत लिहून घ्यावीत. वृद्धाश्रम आणि आया पुरवणाऱ्या ब्युरोंनी फॉर्मवर औषधं, पथ्यं यांच्याखाली 'आवडती गाणी' आणि 'नकोशी गाणी' असे दोन रकाने ठेवावेत. देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगत असल्याचा अंदाज आहे. या रकान्यांना खर्च काहीच नाही.

— एक सून, सांगली