नशेतल्या चालकाला दंडाबरोबर उपचारही हवेत

मा. संपादक,
श्वासचाचणी यंत्र दारू पकडते, गांजा नाही. म्हणून मुंबई-गोवा महामार्गावर परशुराम घाटात संशयित चालक सापडला, तर त्याच्या रक्ताचा नमुना ताबडतोब घ्यावा. लघवीत गांजाचा अंश कित्येक दिवस राहतो. तेवढ्यावरून गाडी चालवताना तो नशेत होता, हे सिद्ध होत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली नशेत गाडी चालवण्याच्या दुसऱ्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. नुसता दंड भरून व्यसनी माणूस पुन्हा स्टिअरिंगवर बसतो! परवाना काढून घ्यावाच. शिवाय १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार (शिक्षेऐवजी अटींवर, देखरेखीखाली सोडण्याचा कायदा) नशा न करण्याची अट घालता येते, ती मोडल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षाही देता येते. त्यातच उपचार आणि अचानक तपासणी जोडावी. मात्र सिंधुदुर्गातल्या दूरच्या दोडामार्गच्या चालकाला दर वेळी रत्नागिरीला बोलावले, तर रोजगार बुडतो आणि उपचार सुटतात. तालुक्याच्या रुग्णालयातच हजेरी ठेवावी.

– एक वाचक, चिपळूण